राबणाऱ्याचे चित्र, बघणाऱ्याचे देणे

वारंगा फाट्यावर ज्यांची एसटी कधी थांबली असेल, त्यांना हा फाटा बहुधा खिचडीमुळे आठवत असेल. नांदेडहून आलेला रस्ता इथे दोन वाटांनी फुटतो. एक आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ आणि नागपूरकडे. गाडी थांबते, प्रवासी उतरतात, खिचडी-भजी खातात, चहा घेतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. आम्ही मात्र इथे रोज सकाळी उभे असतो, कारण आमच्या शाळेकडे जाणारी जीप इथूनच मिळते.

त्या दहा-पंधरा मिनिटांत समोर रोज तेच चित्र असते. डोक्याला फडके बांधलेल्या बाया, त्यांच्या हातातल्या कुदळी आणि खुरपी, भाकरीची गाठोडी, पाण्याच्या बाटल्या. मुकादमाचा टेम्पो येतो, बाया चढतात, टेम्पो जातो. जानेवारीपासून मार्चपर्यंत हळदीच्या काढणीचे दिवस असतात, तेव्हा ही गर्दी वाढते. त्यांत आमच्या विद्यार्थ्यांच्या आया असतात, मोठ्या बहिणी असतात. त्या आम्हाला सलाम करतात, आम्ही जवाब देतो. एवढ्यावर ओळख संपते.

बी.एड.ला असताना 'श्रमप्रतिष्ठा' या मूल्यावर आम्ही एक पाठ घेतला होता. फळ्यावर शेतकऱ्याचे चित्र काढले होते, निरीक्षकांनी गुणही बरे दिले होते. पुढे नोकरीतली काही वर्षे आम्ही दर वर्षी मुलांना तेच शिकवत आलो, की मेहनत करणाऱ्याची इज्जत करा. पण इज्जत करायची म्हणजे नेमके काय करायचे? त्याच्याकडे बघून मान डोलवायची? त्याचे चित्र भिंतीवर लावायचे? हा प्रश्न आम्हाला स्वतःला कधी पडला नव्हता. तो एका फोटोमुळे पडला, आणि त्यात चूक आमची होती.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही नांदेड रस्त्यालगतच्या एका शेतातून पायी जात होतो. हळदीचा पाला कापून झाला होता आणि काढणी चालू होती. ऊन तिरपे होते. एक बाई कुदळीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, पायाशी मातीने माखलेले हळदीचे गड्डे होते. दृश्य सुंदर होते. आम्ही मोबाइल काढला आणि फोटो घेतला. तिचे तोंड अर्धे दिसत होते, त्यामुळे ती कोण हे आम्हाला कळले नाही. कळून घेण्याची गरजही वाटली नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. वाहवा झाली. कुणी लिहिले, माशाअल्लाह, क्या तस्वीर है.

एप्रिलअखेर शाळेत ठरले की 1 मेच्या झेंडावंदनाला एक मोठा फलक लावायचा. 1 मे म्हणजे महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि 1999 साली याच तारखेला परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, म्हणून जिल्ह्याचाही वाढदिवस. फलकासाठी आमचाच फोटो निवडला गेला. वर उर्दूत आणि मराठीत मेहनतीची थोरवी सांगणारी ओळ आली. फ्लेक्स मोठा आणि रंगीत झाला. आम्ही त्याच्याशेजारी उभे राहून आणखी एक फोटो काढून घेतला.

त्या दिवशी निकालही होता. सातवीची एक मुलगी रांगेत उभी होती. फलकाकडे तिचे लक्ष गेले आणि ती मागच्या मागे घरी निघून गेली. तिचे निकालपत्रक आमच्या टेबलावर तसेच राहिले. दोन दिवसांनी आम्हीच ते घेऊन तिच्या घरी गेलो. दार उघडले तिच्या आईने, आणि आम्ही ओळखले. उभी राहण्याची पद्धत तीच होती.

तिने आम्हाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, चहा केला. मग म्हणाली, "फोटू तो अच्छा आया सर. पन हमकू पूछे नै आप."

घडले होते ते असे. तिने एका मुकादमाकडून उचल घेतलेली होती, म्हणजे हंगामाआधी पैसे घेतले होते आणि ते कामातून फेडायचे होते. त्या रविवारी तिने बरे नाही असे सांगून त्याच्याकडे खाडा केला आणि दुसऱ्याच्या शेतात गेली, कारण तिथे संध्याकाळी रोख मजुरी मिळणार होती आणि घरात रोख पैसे लागणार होते. आमच्या मोबाइलमध्ये सरकारी कामासाठी घेतलेला तो कॅमेरा होता, जो फोटोच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप छापतो. फ्लेक्सवरही ते कोपऱ्यात आले होते. आमच्या डोळ्यांना ते दिसले नाही, मुकादमाला दिसले. त्याने तिचे दोन दिवस कापले आणि पुढच्या हंगामाला उचल मिळणार नाही असे चारचौघांत सांगितले. मेहनतीचा गौरव करणाऱ्या चित्राने एका मेहनत करणाऱ्या बाईची रोजी कमी केली होती.

आम्ही मुकादमाशी बोलतो म्हणालो. ती म्हणाली नको, त्याने आणखी बिघडेल. आम्ही पैसे देऊ केले. तेही नको म्हणाली. मग काय करावे हे आम्हाला सुचेना. तिने एकच गोष्ट मागितली, ती शेवटी सांगू.

जूनमध्ये शाळा उघडली आणि ती मुलगी आठवीत आली. आठवीच्या इतिहासात युरोपीय लोक भारतात आल्याचा भाग आहे. पुस्तकातल्या नकाशापलीकडे मुलांना काही दाखवावे म्हणून आम्ही इंटरनेटवर शोधत होतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या राईक्स संग्रहालयाने आपल्या संग्रहातली चित्रे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. असा शोध घेता घेता यान हायखन व्हान लिन्सखोटेन याच्या पुस्तकातली चित्रे आम्हाला सापडली. फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यातल्या एकाची प्रत काढून आम्ही वर्गात नेली.

लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 मध्ये गोव्यात आला. तिथल्या आर्चबिशपच्या चाकरीत तो चिटणीस होता आणि सुमारे पाच वर्षे राहिला. त्याने पाहिले ते लिहून ठेवले, चित्रेही काढली. परत गेल्यावर 1596 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे 'इटिनेरारियो' हे पुस्तक निघाले. दोनच वर्षांत, 1598 मध्ये, त्याची इंग्रजी आणि जर्मन भाषांतरे झाली. पोर्तुगिजांनी जपून ठेवलेली पूर्वेकडच्या दर्यामार्गांची आणि व्यापाराची माहिती या लेखनातून डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती पडली. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. म्हणजे ही चित्रे नुसत्या हौसेची नव्हती. कुठे काय पिकते, कोण पिकवतो, कोण विकतो, याची ती जंत्री होती.

त्या पुस्तकात गोव्याच्या आसपास जमीन कसणाऱ्या लोकांवर एक प्रकरण आहे आणि त्यांची चित्रेही आहेत. लेखक त्यांना 'कानारी' आणि 'कोरुंबी' म्हणतो. या दुसऱ्या शब्दात अभ्यासकांनी आपला 'कुणबी' ओळखला आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या डच पुस्तकात कुणबी भेटावा, याचे आम्हाला मोठे नवल वाटले. चित्रात उघड्या अंगाची, कमरेला वस्त्र गुंडाळलेली माणसे दिसतात. खाली लॅटिन आणि डच भाषेत ओळी आहेत. नाव मात्र कुणाचे नाही.

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर करणारे कारागीर डोटेकम घराण्यातले होते. ते स्वतः गोव्याला आलेले नव्हते. त्यांच्या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा आणि रोगणाचा पातळ थर द्यायचा. त्यावर सुईने रेघा ओढायच्या, म्हणजे तिथला थर निघून तांबे उघडे पडते. मग पत्र्यावर तेजाब सोडायचे. जिथे थर आहे तिथे ते काही करत नाही, जिथे तांबे उघडे आहे तिथे खाऊन खोल चर पाडते. थर पुसून चरांत शाई भरायची आणि ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. शस्त्रे आणि चिलखते सजवणारे कारागीर ही विद्या आधीपासून वापरत होते. 1500 च्या सुमारास जर्मनीतल्या औग्सबर्गच्या डॅनियल हॉपफरने ती कागदावरच्या चित्रांसाठी आणली. तेजाबाने खाल्लेली रेघ कोरणीने कोरलेल्या रेघेसारखी वाटावी, ही डोटेकम घराण्याची खासियत होती.

मुलांना आम्ही हे सगळे समजावून सांगितले. दोन गोष्टी त्यांच्या विशेष लक्षात राहिल्या. पहिली ही, की पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते. कारागिराने आधीच हिशेब केला नाही तर उजव्या हाताचा माणूस डावखुरा होतो. दुसरी ही, की एकदा पत्रा तयार झाला की त्यावरून शेकडो प्रती निघतात. प्रत्येक प्रत विकली जाते. छापणाऱ्याला पैसे मिळतात, विकणाऱ्याला मिळतात. ज्याचे चित्र आहे त्याला काही मिळत नाही, आणि आपले चित्र कुणाच्या घरात टांगले आहे हेही त्याला कळत नाही.

झेरॉक्सची प्रत हातोहात फिरत त्या मुलीपर्यंत गेली. तिने ती बराच वेळ धरून ठेवली. मग विचारले, "सर, इनको पता था क्या, के इनका चित्र निकाल रहे?"

वर्गात कुणाला त्या प्रश्नात विशेष वाटले नाही. आम्ही म्हणालो, नसेल बेटा. आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. पण तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत बसलो तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना.

लिन्सखोटेनने त्या लोकांबद्दल काय लिहिले? ही माणसे भात पेरतात, माडांची निगा राखतात. शहरात कोंबड्या, फळे, दूध, अंडी विकायला आणतात. त्यांची घरे गवताची, दारे इतकी बुटकी की वाकून शिरावे लागते. घरात सामान म्हणजे झोपायला एक चटई, भात कांडायला जमिनीत एक खळगा, शिजवायला एक-दोन मडकी. सगळ्या हिंदुस्थानात यांच्याइतके हीन-दीन लोक नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. त्याने पाहिले ते खोटे नसेल. चटई चटईच होती, मडके मडकेच होते. पण त्याला काय दिसले नाही, तेही बघायला हवे.

गोव्यात खाजन जमिनी आहेत. भरतीचे खारे पाणी नद्यांतून आत शिरते आणि सखल जमीन बुडवते. ते पाणी थोपवण्यासाठी माती-दगडांचे लांब बांध घातले गेले. बांधांत 'मानस' नावाची दारे बसवली गेली. भरतीला ती मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतले पाणी बाहेर सोडतात. तरीही जमीन खारवट राहतेच, म्हणून खारात तग धरणारे 'कोरगुट' नावाचे भात तिथे पेरले जाते. हे सगळे समुद्राशी चाललेले रोजचे गणित आहे. बांधाला कुठे खेकड्याने बीळ केले, कोणत्या अमावास्येला पाणी किती चढेल, हे ज्याला कळते तोच ते भात पिकवू शकतो. गावाच्या जमिनीचा कारभार गावकरी संस्था पाहत. त्यांच्या रीतिरिवाजांची नोंद पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने 1526 मध्येच करून ठेवली होती. त्या कारभारातही आवाज होता तो मूळ घराण्यांतल्या पुरुषांना, चिखलात उतरून राबणाऱ्या प्रत्येकाला नव्हे. म्हणजे उघड्या अंगाच्या त्या माणसाचे ज्ञान परक्याने नोंदवले नाही, आणि आपल्यांनीही त्याला बैठकीत बसवले नाही.

राबणाऱ्याच्या चित्रातली मोठी अडचण इथेच आहे. चित्रात कष्ट दिसतात, अक्कल दिसत नाही. वाकलेली पाठ दिसते. ती पाठ नेमकी किती वाकवायची, कुठे थांबायचे, हे त्या माणसाला कोणी शिकवले ते दिसत नाही. म्हणून बघणाऱ्याच्या मनात दया येते किंवा कौतुक येते, पण शिकण्याची इच्छा येत नाही. राजाचे चित्र बघून आपण त्याच्या लढाया आणि कायदे विचारतो. मजुराचे चित्र बघून आपण उसासा टाकतो.

हा दोष फक्त फिरंग्यांचा आहे असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण आपले घर तरी कुठे वेगळे आहे? अकबरनाम्याच्या चित्रांत फतेहपूर सीक्रीच्या बांधकामाचे दृश्य आहे. सुमारे 1590 च्या सुमाराचे ते काम आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात दगड फोडणारे, ओझी वाहणारे, भिंत चढवणारे मजूर फार बारकाईने काढले आहेत. बादशहाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ते चित्र कोणी आखले आणि कोणी रंगवले, तेही समासात लिहून ठेवलेले आहे. दगड फोडणारा कोण, ते कुठेही नाही. हे चित्र आणि गोव्याचे ते चित्र यांच्यात फार तर दहा वर्षांचे अंतर आहे. दोन दूरच्या मुलुखांतल्या दोन वेगळ्या कलमांनी मजुराचे नाव सारखेच गाळले.

आणि आपल्या समाजात तर धंदाच नाव होऊन बसला आहे. पिंजारी, आतार, बागवान, तांबोळी, मणियार, शिकलगार. आडनाव उच्चारले की आजोबांच्या हातातले काम डोळ्यांसमोर येते, आजोबांचा चेहरा येत नाही. लिन्सखोटेनच्या चित्राखालचा 'कोरुंबी' हा शब्द आणि आमच्या हजेरीपटावरची ही नावे यांत फार फरक आहे असे आम्हाला वाटत नाही. एक माणूस, एक काम, आणि खाली चिकटवलेली एक चिठ्ठी.

इथे कुणी म्हणेल, की नाव नसेना का, चित्र तरी राहिले. नाहीतर तो कुणबी कायमचा पुसला गेला असता. हा मुद्दा हलका नाही. फ्रान्सचा चित्रकार मिले याचे उदाहरण आहे. तो 1814 मध्ये शेतकऱ्याच्या घरात जन्मला, लहानपणी शेतात राबला. 1855 मध्ये त्याने जमीन खणणाऱ्या दोन माणसांचे चित्र अशाच तेजाबाच्या पद्धतीने केले. खाली वाकलेली ती दोन शरीरे बघताना कळते, की काढणाऱ्याच्या स्वतःच्या कमरेत ते दुखणे होते. पुढे 1889 मध्ये व्हान गॉगने त्याच चित्रावरून आपले चित्र रंगवले. आम्ही ते मोबाइलवर बघितले तेव्हा आम्हाला थेट हळदीचे शेत आठवले. ज्याने काम केले आहे त्याच्या बघण्यात फरक पडतो, हे कबूल करावे लागेल. तरी त्या दोघांची नावे मिलेच्या चित्रातही नाहीत.

आपल्याकडे महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे वर्णन करताना ते कशामुळे आले याचाही हिशेब मांडला. सारा किती, कर्ज कोणाचे, कचेरीत कोण लुबाडतो. नुसते घर दाखवून ते थांबले नाहीत, घर रिकामे कोणी केले तेही त्यांनी विचारले. चित्र आणि असूड यांतला फरक आम्हाला इथे जाणवतो. आमच्या फ्लेक्सवर बाई होती, कुदळ होती, ऊन होते. उचल नव्हती. उचल असती तर तो फ्लेक्स कुणी लावलाच नसता.

तस्वीर काढावी की नाही, यावर आपल्या समाजात पुष्कळ चर्चा होते. आम्ही मुफ्ती नाही, आलिम नाही. काय जायज आणि काय नाजायज हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण लहानपणापासून ऐकलेली एक रिवायत त्या दिवसांत पुन्हा पुन्हा मनात येत राहिली. कयामतच्या दिवशी तस्वीर बनवणाऱ्याला सांगितले जाईल की आता यात जान टाक, आणि त्याला ते जमणार नाही, असा तिचा आशय आहे. लहानपणी आम्हाला त्याची भीती वाटायची. आता आम्हाला त्यात एक वेगळा सवाल ऐकू येतो. ज्याची शक्ल तू घेतलीस, त्याच्या जानेचे काय केलेस? त्याचे पोट, त्याची उधारी, त्याची मुलगी, हे सगळे शक्लेबरोबर येते. शक्ल घेताना हे तू विचारात घेतलेस का? मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती करण्याची शिकवण तर आपल्याला तोंडपाठ आहे. त्या घामाचा फोटो घेणाऱ्याकडे काही बाकी निघते की नाही, हे मात्र आपण विचारत नाही. आमच्या मते निघते.

ती बाकी कशी फेडायची? आधी आम्हाला वाटले, नाव लिहून. लिन्सखोटेनने नाव लिहिले नाही, अकबरनाम्याने लिहिले नाही, आपण लिहू. म्हणून आठवीच्या वर्गात तो प्रश्न आल्यानंतर आठवड्याने आम्ही पुन्हा तिच्या घरी गेलो. सांगितले, "आपा, आम्हाला एक लेख लिहायचा आहे. त्यात तुमचे नाव घालू का? नुसती मजूर बाई असे नको."

त्या वेळी ती दारात बसून हळदीच्या बेण्याची निवड करत होती. शेजारच्या शेतकऱ्याचे बेणे होते, लागवड अर्धी झाली होती. हात चालू ठेवूनच तिने आम्हाला बसायला सांगितले. आम्ही बघत राहिलो. एक कंद उचलायची, अंगठ्याने दाबायची, उलटा करून डोळा बघायची, एका ढिगात टाकायची. दुसरा उचलायची, वास घ्यायची, बाजूला फेकायची. आम्ही विचारले, हा का फेकला? ती हसली. म्हणाली, हा आतून कुजायला लागला आहे, वरून कळत नाही, बोटाला कळते. मग तिने आमच्या हातात दोन कंद दिले आणि कोणता चांगला ते ओळखायला सांगितले. आम्ही चुकलो. पुन्हा दिले, पुन्हा चुकलो. तिची मुलगी आत तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिसऱ्यांदा बरोबर आले.

हळदीबद्दल आम्हाला वाटत होते की पुष्कळ माहिती आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते आम्ही मुलांना सामान्यज्ञानात सांगतो. काढल्यावर जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करतात, शिजवतात, उन्हात वाळवतात, मग पॉलिश करतात, हेही सांगतो. पण कुदळ गड्ड्यापासून किती अंतरावर मारली म्हणजे तो फुटत नाही, हे तिने त्या दिवशी सांगितले. आमच्या फोटोत ती कुदळीवर हात ठेवून उभी होती. तिने सांगितले की तेव्हा ती काम करत नव्हती, कंबर मोकळी करत होती. "आप मेहनत लिखे नीचे. हम तो उस टैम आराम कर रे थे," म्हणाली. तारीख खरी, ठिकाण खरे, आणि खाली लिहिलेले तेवढे चुकीचे. आमच्याकडेही पत्र्यावरचे चित्र उलटेच उमटले होते.

नावाबद्दल तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, नाव नको. नाव छापले तर पुन्हा कोणीतरी वाचेल, पुन्हा चार बोटे माझ्याकडे होतील. आपको मालूम है ना, बस है.

आम्ही गप्प झालो. तोवर आम्हाला वाटत होते की नाव देणे म्हणजे इज्जत देणे. पण नाव छापायचे की नाही, हे ठरवणारे तरी आम्ही कोण? न विचारता चेहरा घेणे आणि न विचारता नाव छापणे, दोन्हींत मालकी बघणाऱ्याकडेच राहते. तिने मे महिन्यात सांगितले होते ते एवढेच होते, की आम्हाला विचारले नाही. आमच्या घरच्या बोलीत 'मैं' म्हणायची चाल फारशी नाही, आम्ही 'हम'च म्हणतो. हा लेखही त्याच सवयीने 'आम्ही' म्हणत लिहिला आहे. तीही 'हम' म्हणते. फरक इतकाच, की आमच्या 'हम'ला कॅमेरा होता.

म्हणून आज श्रमप्रतिष्ठेचा पाठ घ्यायचा झाला तर आम्ही तो असा घेऊ. ज्याच्या कामाकडे बघायचे आहे, त्याच्याजवळ आधी जा. सलाम करा. बघू का, म्हणून विचारा. तो नाही म्हणाला तर परत फिरा. हो म्हणाला तर त्याच्या कामातली एक गोष्ट त्याच्याकडून शिकून घ्या, आणि दोनदा चुका. त्यानंतर चित्र काढावेसे वाटले तर काढा. पण त्या चित्राने त्याची भाकर कमी होणार नाही ना, हे आधी बघा. यात मोठे तत्त्वज्ञान नाही. चारशे वर्षांत ते फारसे कुणी केले नाही, आणि आम्हीही केले नाही.

राहिली गोष्ट तिने मे महिन्यात मागितलेल्या वस्तूची. ती म्हणाली होती, "वो बडा बॅनर शाळेत पडा होंगा ना सर? वो दे दो. बारिश आ री."

आम्ही तो फ्लेक्स गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन गेलो. तिच्या घराची पत्रे दोन ठिकाणी गळत होती. तिच्या भावाने तो वर नेला, पसरला, कडेने दगड ठेवले. छापलेली बाजू त्याने खाली केली, कारण मागची बाजू पाण्याला जास्त टिकते असे त्याचे म्हणणे होते. खाली उभे राहून आम्ही बघत होतो. वर आता नुसता पांढरा कागद दिसत होता. पहिला पाऊस मृगात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर ती टेम्पोची वाट बघत उभी होती. आम्ही जवळ जाऊन विचारले, पाणी आले का आत? ती म्हणाली, एका कोपऱ्यातून थोडे आले, तिथे अजून एक दगड लागेल.